लहान बोटीवरची परससीन पारंपरिक कशी?

मालवणच्या किनाऱ्यावर रापण लागली की वाळूत माणसांच्या दोन रांगा दिसतात. होडीने समुद्रात अर्धगोल घालून जाळं टाकलेलं असतं आणि त्याच्या दोन टोकांचे दोर या रांगांच्या हातात असतात. टाचा रोवून, पाठ मागे टाकून माणसं ओढत राहतात. दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकतात. जाळं उथळ पाण्यात आलं की आत सापडलेल्या बांगड्याचे, तारलीचे वाटे पडतात. जो दोर ओढतो, त्याला वाटा. मासा मात्र किनाऱ्यापर्यंत यावा लागतो; रापण त्याच्या मागे जाऊ शकत नाही.

परससीन जाते. थवा हेरला की बोट त्याला जाळ्याचा वेढा घालते. जाळ्याच्या खालच्या काठाला कड्या असतात, कड्यांतून दोर ओवलेला असतो. विंचने तो खेचला की बटव्याचं तोंड आवळावं तसं जाळं खालून मिटतं आणि अख्खा थवा आत अडकतो. हीच यंत्रणा छोट्या बोटींवर बसली आणि ‘मिनी परससीन’ हा प्रकार किनाऱ्यालगत फिरू लागला. मग या बोटींना छोट्या मच्छीमारांत धरायचं की परससीनवाल्यांत, हा वाद उभा राहिला. सिंधुदुर्गात तो मोर्चे, उपोषणं आणि भर समुद्रात बोटी अडवण्यापर्यंत गेला.

अमेरिकेत असाच वाद जंगलात चालतो. तिथे धनुष्याने शिकार करणाऱ्यांसाठी वेगळा हंगाम असतो, कारण धनुर्धाऱ्याला सावजाच्या जवळ जावं लागतं आणि ताणलेली दोरी स्वतःच्या बळावर धरून ठेवावी लागते. क्रॉसबोलाही धनुष्य आहे, बाण आहे. पण ताणलेली दोरी खटक्यात अडकून राहते आणि घोडा दाबला की बाण सुटतो. अनेक राज्यांनी त्याला धनुष्याच्या हंगामात घेतलं, ओरेगॉनने शिकारीसाठी तो चालूच दिला नाही. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा प्रश्नच ठेवला नाही. धनुष्यबाण, जाळं, फासा, विष, सगळं त्याने शस्त्राच्या एकाच व्याख्येत घातलं. समुद्रात मात्र साधनांत फरक करावाच लागतो, कारण तिथे मासेमारी हा रोजगार आहे.

महाराष्ट्राने हा फरक उशिरा का होईना, केला. १९८१च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यानंतर तीन दशकांनी डॉ. सोमवंशी समितीने परससीनचा अभ्यास केला. तिच्या शिफारशींवर ५ फेब्रुवारी २०१६ला आदेश निघाला: नवे परवाने बंद, आहेत ते टप्प्याटप्प्याने ४९४वरून १८२वर आणायचे, आणि राज्याच्या हद्दीत परससीनला मुभा फक्त १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर. एलईडी दिव्यांच्या झोतात मासे गोळा करण्यावर केंद्राने २०१७मध्ये बंदी घातली. २०२१मध्ये राज्याने कायदा दुरुस्त करून दंड लाखांत नेला.

परससीनवाल्यांची बाजूही ऐकायला हवी. रापणीच्या बारीक आसात, म्हणजे जाळ्याच्या बारीक छिद्रांत, पिल्लंही येतात, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. आसाचा नियम रापणीलाही लागायला हवा. २०१२मध्ये देशात तारलीचं सुमारे सव्वासात लाख टन विक्रमी उत्पादन झालं आणि पुढच्या तीन वर्षांत ते निम्म्याच्याही खाली घसरलं. त्यात तापलेल्या समुद्राचाही वाटा होता, एकट्या परससीनचा नव्हे. बोटीवर कर्ज आहे, खलाशांची घरं त्यावर चालतात, हेही नाकारता येत नाही.

पण यातल्या एकाही मुद्द्याने मिनी परससीन पारंपरिक ठरत नाही. बोट तीस फुटी आहे की साठ फुटी, याचा माशाला काय फरक? फरक पडतो तो कड्यांनी मिटणाऱ्या जाळ्याने. गोव्यातले रापणकर सत्तरच्या दशकात माथानी साल्ढाणांच्या नेतृत्वाखाली ट्रॉलरविरुद्ध उतरले, तेव्हाही त्यांची मागणी किनाऱ्यालगतचं पाणी राखून ठेवण्याची होती. म्हणून नोंदणी करताना बोटीची लांबी मोजून थांबू नये, जाळं कसं मिटतं तेही पाहावं. आणि खरी गस्त हवी ती १ जानेवारीपासून. परससीनची मुदत आदल्या दिवशी संपलेली असते, आणि रापणीच्या हंगामाचे बरेच महिने अजून बाकी असतात.