निर्धन रुग्ण निधी : कोणता खर्च निधीतून, कोणता रुग्णाकडून?

रुग्ण दाखल होताना नातेवाईक आम्हांस एक प्रश्न हमखास विचारतात : "आधीच लाखभर खर्च झाला आहे, आता तरी सवलत मिळेल ना?" त्या प्रश्नामागील व्याकुळता आम्ही जाणतो. तथापि धर्मादाय रुग्णालयातील सवलत पूर्वी झालेल्या खर्चावरून ठरत नाही, ती कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नावरून ठरते. हा भेद वेळीच न कळल्याने अनेक कुटुंबांची परवड होते. म्हणून या योजनेची माहिती येथे देत आहोत.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० मधील कलम ४१ कक अन्वये मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये धर्मादाय रुग्णालयांसाठी योजना मंजूर केली. तीनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखीव असतात. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी वाढविण्यात आली असून, ती निर्धनांसाठी १,८०,००० रुपये व दुर्बल घटकांसाठी ३,६०,००० रुपये अशी आहे. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका अथवा दारिद्र्यरेषेखालील असल्याचे पत्र लागते.

पात्र रुग्णाच्या खर्चाचे दोन भाग पडतात. खाट, निवासी डॉक्टरांची सेवा, शुश्रूषा, रुग्णालय देत असल्यास भोजन, चादरी-कपडे, पाणी, वीज, स्वच्छता व नेहमीच्या तपासण्या यांचे शुल्क लावले जात नाही. उर्वरित सेवांचे बिल सर्वांत खालच्या वर्गाच्या दराने होते. औषधे, उपचारसाहित्य व शरीरात बसविण्याची उपकरणे यांची आकारणी रुग्णालयाच्या खरेदी किमतीने होते. निर्धन रुग्णाचे हे बिल निधीत खर्ची पडते. दुर्बल घटकातील रुग्णाने मात्र औषधे, साहित्य व उपकरणे यांच्या बिलाची किमान ५० टक्के रक्कम भरावयाची असते. उदाहरणार्थ, उपकरणाची खरेदी किंमत ४०,००० रुपये असल्यास त्याच्या वाट्यास किमान २०,००० रुपये येतात.

प्रवासखर्च, नातेवाइकांचे राहणे-जेवणे, बुडालेली मजुरी, अन्यत्र झालेले उपचार आणि परस्पर बाहेरून आणलेली औषधे यांचा रुग्णालयाच्या बिलात समावेश नसतो; त्यामुळे निधीतून त्यांची भरपाई होत नाही. सबब बाहेरून औषध आणण्यापूर्वी आमच्या समाजसेवा विभागाकडे अवश्य चौकशी करावी. कागदपत्रेही डिस्चार्जच्या दिवसाची वाट न पाहता दाखल होतानाच द्यावीत. अत्यवस्थ रुग्णासाठी मात्र कागदपत्रांची अट आड येत नाही. त्यास अनामत रक्कम न मागता त्वरित दाखल करून घेणे व प्रकृती स्थिर होईपर्यंत जीवरक्षक उपचार देणे हे रुग्णालयाचे कर्तव्य आहे.

हा निधी येतो कोठून? इतर सर्व रुग्णांच्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम त्यात जमा होते. म्हणजे १ कोटी रुपयांच्या बिलांमागे २ लाख रुपये. वर उल्लेखिलेल्या ४०,००० रुपयांच्या उपकरणाचा हिशेब धरला, तर पाच निर्धन रुग्णांच्या केवळ उपकरणांवरच ही रक्कम संपते. सहाव्या रुग्णासाठी आम्हांस देणगीदारांकडे पाहावे लागते.

आणखी एक वस्तुस्थिती नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो. ज्या कुटुंबाचे उत्पन्न मर्यादेहून थोडेसेच अधिक आहे, त्याचे दुःख या योजनेच्या चौकटीत बसत नाही. दागिने मोडून वा शेत गहाण टाकून बिल भरले, तरी दाखल्यावरील उत्पन्नाचा आकडा कमी होत नाही. कायदा जेथे थांबतो, तेथून पुढचा मार्ग समाजाच्या दातृत्वावरच अवलंबून असतो.

म्हणून देणगी देताना ती निर्धन रुग्ण निधीसाठी आहे की योजनेबाहेरील गरजू रुग्णांच्या साहाय्यासाठी, हे दात्यांनी स्पष्टपणे लिहून द्यावे, अशी नम्र विनंती आहे. त्या उद्देशानुसारच तिचा विनियोग करणे व त्याचा चोख हिशेब आपल्यासमोर ठेवणे, हे आम्ही आमचे उत्तरदायित्व मानतो.