शालेय विद्यार्थ्यांच्या परदेशी मोहिमा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ब्रिटनमधील अनेक माध्यमिक शाळांचे विद्यार्थी शिक्षकांसह नेपाळ, टांझानिया किंवा बोर्निओसारख्या दूरच्या प्रदेशात काही आठवड्यांसाठी जातात, तेथे डोंगरवाटांवरून पदभ्रमण करतात आणि मुक्कामाचा उरलेला काळ एखाद्या गावातील सामाजिक कामाला देतात. ही प्रथा पर्यटन व्यवसायाने अलीकडे काढलेली टूम आहे, असे समजले जाते. परंतु तिचे मूळ १९३२मध्ये सापडते. रॉबर्ट स्कॉट यांच्या १९१०-१३च्या दक्षिण ध्रुवीय मोहिमेतील शल्यचिकित्सक जॉर्ज मरे लेव्हिक यांनी त्या वर्षी शाळकरी मुलांसाठी एक संस्था स्थापन करून पहिली तुकडी फिनलंडला नेली. तिचा भर शोधप्रवास आणि निसर्गनिरीक्षण यांवर होता. सामाजिक कामाची जोड पुढे मिळाली, आणि १९८४ची ‘ऑपरेशन रॅले’ ही तरुणांची मोहीम व १९८७मध्ये सुरू झालेली ‘वर्ल्ड चॅलेंज’ ही शालेय मोहिमा आखणारी कंपनी यांच्या काळात मोहिमेला आजचे रूप आले. अशा प्रवासांना कसलेच नियम नसतात, हा समजही खरा नाही. २००७मध्ये ब्रिटिश मानक संस्थेने परदेशातील साहसी उपक्रमांसाठी बीएस ८८४८ हे मानक प्रसिद्ध केले (हा क्रमांक एव्हरेस्टच्या मीटरमधील उंचीवरून घेतला आहे) आणि मोहिमेच्या सर्व टप्प्यांची जबाबदारी एकाच आयोजकावर असावी, हे त्याचे मुख्य सूत्र ठरवले. मात्र ते कायद्याने सक्तीचे नाही, म्हणून आयोजक ते पाळतो की नाही हे पालकांनाच विचारून घ्यावे लागते.

सर्वांत घातक गैरसमज उंचीच्या आजाराविषयीचा आहे. समुद्रसपाटीपासून साधारण २,५०० मीटरांच्या वर हवेचा दाब घटल्यामुळे प्रत्येक श्वासागणिक मिळणारा प्राणवायू कमी होतो आणि शरीराला त्याची सवय होण्यापूर्वीच माणूस अधिक वर गेला, तर डोकेदुखी, मळमळ, थकवा, निद्रानाश अशी लक्षणे दिसू लागतात. तरुण, खेळाडू, रोज धावणाऱ्या मुलांना हा त्रास होत नाही, असे पालक आणि कित्येक शिक्षकही मानतात. वास्तविक शारीरिक तंदुरुस्तीमुळे या आजारापासून संरक्षण मिळत नाही. उलट दमदार मुले भराभर चढतात आणि तुकडीत मागे पडण्याच्या लाजेपोटी डोकेदुखी लपवतात, त्यामुळे त्यांच्याबाबत अधिक सावध राहावे लागते. सुमारे १,४०० मीटरवरील काठमांडूहून विमानाने अर्ध्या-पाऊण तासात लुक्ला गाठले, की मुले एकदम २,८०० मीटरच्या वर येतात, आणि पुढे ३,४४० मीटरवरील नामचे बाजारात दोन रात्री काढण्याची जी पद्धत आहे ती बाजारहाटासाठी नसून शरीराला जुळवून घेण्यास वेळ मिळावा म्हणून आहे. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे, असा वैद्यकीय संकेत आहे. आजार बळावून मेंदूला सूज येऊ लागल्याची शंका आली, तर मुलाला एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना टेकवत सरळ रेषेत दहा-बारा पावले चालायला सांगतात; त्याचा तोल गेला, तर सकाळची वाट न पाहता त्याला खाली उतरवणे हाच उपाय असतो. प्राणवायू आणि औषधे यांनी उतरण्यापुरता अवधी मिळतो, पण ती उतरण्याला पर्याय ठरत नाहीत.

ओझी वाहणारे भारवाहक सगळे शेर्पा असतात आणि त्यांना उंचीचे काहीच वाटत नाही, ही समजूत याच अज्ञानातून निघते. शेर्पा हा एव्हरेस्टच्या पायथ्याच्या खुंबू परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला समाज असून विरळ हवेशी जुळवून घेणारे आनुवंशिक गुण त्याच्यात आढळतात. परंतु कपाळावरच्या नाम्लोच्या पट्ट्याने डोको, म्हणजे वेताबांबूची पाठटोपली, तोलत चालणारे अनेकजण राई, तामांग, मगर अशा समाजांतील, मधल्या डोंगरपट्ट्यातील शेतकरी असतात आणि उंचीवर त्यांनाही विद्यार्थ्यांइतकाच धोका असतो. एका तरुण नेपाळी भारवाहकाच्या मृत्यूनंतर १९९७मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय भारवाहक संरक्षण गटाने गरम कपडे, निवारा, विमा आणि उपचार यांचा आग्रह धरला, तसेच आजारी भारवाहकाला एकट्याने खाली पाठवू नये, त्याची भाषा जाणणारा माणूस सोबत द्यावा, असे बजावले. सेवाभाव शिकण्यासाठी निघालेल्या तुकडीने गावातील कामाआधी स्वतःचे सामान वाहणाऱ्याच्या पायातील बूट पाहावेत, हे अगदी न्याय्य आहे.

विद्यार्थी गावाला शाळा बांधून देतात, हा समज मोहिमांच्या माहितीपत्रकांनीच रूढ केला आहे. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमध्ये ७.८ तीव्रतेचा भूकंप होऊन सुमारे नऊ हजार माणसे दगावली आणि दगड-मातीच्या हजारो वर्गखोल्या कोसळल्या, तेव्हा मदतीच्या इच्छेने अनेक तुकड्या तेथे गेल्या. दगडी भिंत भूकंपात टिकण्यासाठी ठरावीक अंतरावर भिंतीच्या आतल्या-बाहेरच्या दोन्ही अंगांना गाठणारे लांब दगड बसवावे लागतात, कोपरे सांधून घ्यावे लागतात आणि जोत्यापाशी, खिडकीच्या तळाशी व दरवाजाच्या माथ्यावर आडवे पट्टे सलग फिरवावे लागतात. यांतले काही चुकले, की दोन्ही अंगे एकमेकांपासून सुटून भिंत फुगते आणि छप्पर खाली येते. मराठी वाचकांना ही गोष्ट परकी नाही, कारण ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपात जाड दगड-मातीच्या भिंती अशाच फुटून सुमारे आठ हजार माणसे गेली. हे काम प्रशिक्षित गवंड्याचे आहे, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचे नाही. नेपाळमधील अनेक गावांतील तरुण आखाती देशांत आणि मलेशियात मजुरीला गेल्याने माणसांची चणचण असते हे खरे असले, तरी उणीव भासली ती मुख्यतः कसबी हातांची, आणि म्हणूनच पुनर्बांधणीत गवंड्यांना नव्याने प्रशिक्षण द्यावे लागले. गवंड्याच्या हाताखाली वाळू चाळणे, दगड पोहोचवणे, रंग देणे ही कामे विद्यार्थी नीट करू शकतात. पण शाळा उभी राहते ती त्यांनी जमवलेल्या पैशातून आणि त्या पैशातून मजुरी घेणाऱ्या स्थानिकांच्या कौशल्यातून, हे मोहिमेच्या अहवालात स्वच्छपणे लिहिले गेले पाहिजे.

अनाथालयातील मुलांसोबत चार दिवस खेळणे निरुपद्रवी असते, हा समज अधिक दुःखद आहे. नेपाळच्या बालगृहांतील बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील, कधी दोघेही, हयात असल्याचे युनिसेफने निदर्शनास आणले आहे, आणि ही गृहे गरिबीने गांजलेल्या जिल्ह्यांत नव्हे, तर काठमांडू, कास्की, चितवन अशा पर्यटकांच्या जिल्ह्यांत एकवटलेली दिसतात. पाहुण्यांच्या देणगीसाठी दलाल शिक्षणाचे आमिष दाखवून मुले घरांतून आणतात. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने २०१७मधील चौकशीत या प्रकाराचा आधुनिक गुलामगिरीच्या संदर्भात विचार केला. शिवाय दर आठवड्याला नव्या माणसाला जीव लावून त्याला निरोप देणे बालमनाला सोसत नाही. याखेरीज नेपाळच्या पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामालाही मनाई आहे, ही बाब परदेशी शाळा बहुधा लक्षातच घेत नाहीत.

मुंबई-पुण्यातील इंटरनॅशनल बॅकलोरिएट शाळांच्या पालकांमध्ये आणखी एक समज आहे, तो म्हणजे ‘सीएएस’ या अनिवार्य घटकासाठी, म्हणजे सर्जनशीलता, शारीरिक कृती आणि सेवा यांच्या अनुभवासाठी, परदेशी मोहीम आवश्यक असते. तशी अट नाही. अठरा महिने चालणाऱ्या या घटकात किमान एक महिन्याचा एक प्रकल्प अपेक्षित असतो, आणि तो जव्हार-मोखाड्यातील वाचनालयात किंवा शाळेशेजारच्या वस्तीतही करता येतो. त्या वाचनालयात मुलांना पुढल्या शनिवारी परत जाता येते, नेपाळमधील गावात जाता येत नाही.