सांडपाण्यातील संप्रेरके व वीज वाहणारे जंतू

नाग नदीच्या काठी भाजीपाला पिकविणाऱ्या बागाईतदारांस तिच्या पाण्याची अवस्था सांगावयास नको. नागपूरचे सांडपाणी घेऊन ही नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेस मिळते व पुढे तेच पाणी गोसीखुर्दच्या जलाशयात साठते. या पाण्याची घाण दिसते, तिचा वासही येतो. त्यातील संप्रेरके मात्र दिसत नाहीत.

संप्रेरक म्हणजे शरीरातील ग्रंथींनी निर्माण केलेले व अत्यल्प प्रमाणात कार्य करणारे द्रव्य. मनुष्याच्या मूत्रातून, तसेच जनावरांच्या शेणमुतातून इस्ट्रोन व इस्ट्राडायोल ही स्त्री-संप्रेरके बाहेर पडतात; गाभण गाईत हे प्रमाण वाढते. कुटुंबनियोजनाच्या गोळ्यांतील इथिनिल-इस्ट्राडायोल हे कृत्रिम संप्रेरक याहून चिवट असते. कॅनडातील एका प्रायोगिक तलावात २००१ ते २००३ या तीन उन्हाळ्यांत ते मुद्दाम सोडण्यात आले. प्रमाण होते लिटरला ५ ते ६ नॅनोग्रॅम, म्हणजे सुमारे २० कोटी लिटर पाण्यात अवघा १ ग्रॅम! भांडेवाडी येथील मोठ्या शुद्धीकरण केंद्राची एका दिवसाची क्षमता साधारण एवढीच आहे. एवढ्याने नर माशांच्या अंगी अंड्यातील प्रथिन तयार होऊ लागले व लहान माशांची एक जात त्या तलावातून जवळजवळ नाहीशी झाली. यावरून भाजी खाणाऱ्यास अपाय होतोच, असे अनुमान मात्र काढू नये.

जंतू एखादे द्रव्य कुजवितात तेव्हा त्यातून सुटणारे इलेक्ट्रॉन त्यांना कोणाला तरी द्यावे लागतात. हवेशीर पाण्यात ते प्राणवायू स्वीकारतो. हवा नसलेल्या गाळात हे काम मंदावते. इस्ट्राडायोलचे इस्ट्रोन होते आणि पुष्कळदा गाडी तेथेच अडते. यंत्राने हवा सोडावी तर विजेचा खर्च येतो. यावर उपाय असा की, गाळात कार्बनची पट्टी ठेवावयाची, दुसरी पट्टी हवेच्या संपर्कात ठेवावयाची व दोन्ही तारेने जोडावयाच्या. जिओबॅक्टरसारखे जंतू पहिल्या पट्टीवर वस्ती करून तिलाच इलेक्ट्रॉन देतात. ते तारेतून दुसऱ्या पट्टीकडे जातात व तेथे प्राणवायूशी संयोग होऊन पाणी बनते. जंतूंपासून वीज मिळते हे इंग्लंडात पॉटर यांनी १९११ सालीच दाखविले होते.

प्रयोगशाळेतील लहान भांड्यांत या रीतीने संप्रेरकांचे प्रमाण घटल्याचे आढळले आहे. परंतु घटले म्हणजे नष्ट झाले असे नव्हे. काही भाग कार्बनला व गाळाला नुसता चिकटून राहतो. आपल्या नागपूरच्या नीरी या संस्थेने वनस्पती व खडी यांच्या वाफ्यातून सांडपाणी शुद्ध करण्याची फायटोरिड पद्धती विकसित केली आहे. अशाच प्रकारच्या वाफ्यात पट्ट्या बसवून भुवनेश्वरच्या खनिज व द्रव्य तंत्रज्ञान संस्थेत रंगयुक्त पाण्यावर प्रयोग झाले. त्यामुळे हा मार्ग आम्हास आशादायक वाटतो.

एका घटापासून साधारण अर्धा व्होल्ट दाब मिळतो. तेव्हा वीज मिळेल या आशेने कोणी असे संयंत्र शेतावर बसविण्यास सांगितल्यास पैसे गुंतवू नयेत. आज करण्यासारखे काम गोठ्यात आहे. जनावरांचे मूत्र नाल्यात वा विहिरीकडे वाहू देऊ नये. गोबरगॅसची स्लरी हवेविना कुजलेली असल्याने तीत ही द्रव्ये शिल्लक राहू शकतात. ती काडीकचऱ्यात मिसळून ढीग रचावा, ओलावा राखावा आणि दर पंधरवड्यास तो उलटून आत हवा खेळू द्यावी.