मृत्युपत्रही जुने होते

दिवाळी आली की घरातले माळे उपसले जातात, पितळेची भांडी लखलखू लागतात, कपाटाचे कप्पे पुसून निघतात. पण कपाटाच्या तिजोरीतला एक लिफाफा मात्र कोणी उघडत नाही. "तो राहू द्या तसाच, त्यात नानांचे मृत्युपत्र आहे," असे कोणीतरी म्हणते आणि लिफाफा पुन्हा आत जातो. सणासुदीला हा विषय काढणे काही वाचकांना अभद्र वाटेल. पण सारी भावंडे एका पंगतीला बसतात ती याच दिवसांत. तेव्हा बोलायचे तर आताच बोललेले बरे.

मुळात मृत्युपत्र करणारी माणसेच आपल्यात थोडी. "माझ्यामागे सगळे हिचेच," असा बहुतेकांचा समज असतो. कायदा तसे म्हणत नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पुरुष मृत्युपत्राविना गेला, तर त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, मुलगे, मुली आणि आई हयात असल्यास तीही, या सर्वांचे सारखे हिस्से होतात. म्हणजे चार मुलांच्या विधवा आईला, सासू हयात नसली तरी, राहत्या घराचा पाचवाच हिस्सा!

आता ज्यांनी शहाणपणाने मृत्युपत्र केले त्यांच्याकडे वळू. समजा, पार्ल्यातल्या एका गृहस्थांनी १९८५ साली मृत्युपत्र लिहिले. तीन मजली इमारतीतली सदनिका धाकट्या मुलाला, पाटल्या आणि मोहनमाळ मुलीला, बँकेतली ठेव गावाकडच्या भावाला. त्या दिवशी ही वाटणी अगदी न्यायाची होती. पुढे भाऊ वारला. मोहनमाळ कोणाच्या तरी शिक्षणासाठी मोडली. आणि ती तीन मजली इमारत पाडून तिच्या जागी उंच मनोरा उभा राहिला. पार्ल्यात तर गल्लोगल्ली हेच चालले आहे. सारे बदलले, कागद तेवढा १९८५ चाच राहिला.

अशा वेळी काय होते? देणाऱ्याच्या आधी घेणारा गेला, तर ते दान सामान्यतः लोपते; मृत्युपत्रात सोय नसेल तर भावाच्या मुलांना ती ठेव मिळत नाही. मुलगा किंवा मुलगी आधी गेली आणि तिची मुले मागे असली, तर मात्र कायदा ते दान लोपू देत नाही. नेमून दिलेली वस्तूच उरली नसेल, तर तिच्याबदली दुसरे काही मिळत नाही. मुलगी बिचारी रिकाम्या हाताने राहते. आणि सदनिका? क्रमांक नवा, मजला नवा, क्षेत्रफळ नवे. जुन्या सदनिकेचे दान नव्या सदनिकेला लागू होते की नाही, यावर दोन भावांनी दोन वकील लावायला पुरेशी जागा झाली! "किंवा तिच्या जागी पुनर्विकासात मिळणारी सदनिका" एवढी एक ओळ असती, तर हा वाद बहुधा उभाच राहिला नसता.

लग्नाचेही तसेच. ख्रिस्ती व पारशी मंडळींच्या बाबतीत लग्न होताच आधीचे मृत्युपत्र रद्द होते. हिंदूंच्या बाबतीत होत नाही. घटस्फोटानेही ते आपोआप रद्द होत नाही. दुरावलेल्या माणसाचे नाव आपण स्वतः खोडल्याशिवाय खोडले जात नाही, हे लक्षात ठेवावे.

"पण आम्ही नॉमिनी नेमला आहे ना!" असे कोणी म्हणेल. ज्यांचे 'कालनिर्णय' १९७३ पासून मराठी घरांच्या भिंतींवर आहे, त्या जयंतराव साळगावकरांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केले होते. २०१३ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या म्युच्युअल फंडांतील गुंतवणुकीवर ज्यांची नावे लावलेली होती ते मालक की नुसते सांभाळणारे, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयातून थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १४ डिसेंबर २०२३ रोजी निकाल लागला, की नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही; वारसा ठरतो तो मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने. गृहनिर्माण संस्थेतही नॉमिनी हा खरे वारस दाखल होईपर्यंतचा तात्पुरता सभासदच असतो. तेव्हा मृत्युपत्रात एक नाव आणि बँकेत दुसरे, असे ठेवू नये.

वेळेवर लिहिण्याविषयी एक जुनी कथा आहे. ऑगस्ट १८९७ मध्ये पुण्याचे सरदार बाबामहाराज पटकीने आजारी पडले. नुकतेच जामिनावर सुटलेले लोकमान्य टिळक त्यांच्या भेटीस गेले. मृत्युपत्र झाले, टिळकांसह काही स्नेह्यांकडे कारभार सोपवला गेला, आणि त्याच दिवशी महाराज गेले. पत्नी ताईमहाराज गरोदर होत्या. मुलगा झाला नाही किंवा झालेला जगला नाही तर दत्तक घ्यावा, एवढी दूरदृष्टी त्या घाईतही होती. मुलगा झाला, पण दोनच महिन्यांत गेला. १९०१ च्या दत्तकावरून वाद पेटला आणि टिळकांवर फौजदारी खटलाही झाला. प्रिव्ही कौन्सिलने अखेर त्यांच्या बाजूने निकाल दिला तो १९१५ मध्ये. मृत्यूच्या दारात लिहिलेला कागद टिकला. पण मित्राची चौदा वर्षे घेऊन. ज्याच्यावर कारभार सोपवायचा त्याला आधी विचारावे आणि घरच्यांशीही आधी बोलावे, हा त्यातला धडा.

जुने मृत्युपत्र बदलणे अवघड नाही. शुद्धीवर असेपर्यंत माणसाला ते केव्हाही बदलता येते. लहान बदलाला पुरवणी मृत्युपत्र पुरते. बदल मोठा असेल तर नवे लिहावे आणि "यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द" असे त्यात स्पष्ट म्हणावे. मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. पण दोन साक्षीदार हवेतच, आणि ज्यांना काही मिळायचे आहे ते साक्षीदार नसावेत. जुन्या कागदावर पेनने खाडाखोड करणे मात्र टाळावे.

घरात लग्न, जन्म, मृत्यू किंवा काडीमोड झाला, घर विकले वा नवे मिळाले, की त्या वर्षी लिफाफा एकदा उघडावा. वडिलांना तसे सुचवताना मुलांची जीभ अडते, हे खरे. म्हणून वडीलधाऱ्यांनीच पुढाकार घ्यावा. मुलांना आपण जे घर ठेवून जातो, त्यात त्यांनी पुढेही एकमेकांकडे फराळाला यावे, एवढेच तर आपल्याला हवे असते.