पाड्यावरचे मूल, खोलीतले मूल



आदिवासी मुलांचे काम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कुपोषण येते, आणि ते खोटेही नाही. त्यामुळे या अंकात मी मुलांच्या लठ्ठपणाविषयी लिहितो आहे, याचे काहींना नवल वाटेल.

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावर आठ-दहा वर्षांचे मूल दिवसभर पायावर असते. शेळ्या राखायच्या, सरपण आणायचे, उन्हाळ्यात पहाटे मोहाची फुले वेचायची, करवंदांसाठी रान पालथे घालायचे. याला कोणी व्यायाम म्हणत नाही. (फार कौतुकही करू नये, डोक्यावर हंडा वाहणे हे कष्टच आहेत, आणि पुष्कळदा अर्ध्या पोटी केलेले.) हेच कुटुंब कामासाठी भिवंडी-वसईकडे एका खोलीत राहायला आले, की दारासमोर वाहता रस्ता असतो आणि आईबाप कामावर असतात. धाकट्याला सांभाळणारी बहीण त्याच्या हाती मोबाइल आणि पाच रुपयांचे वेफर्सचे पाकीट देते. तिला दोष कसा देणार? मूल रस्त्यावर गेले नाही, एवढेच ती पाहते.

पण याच मुलाला धोका अधिक असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व बालकांचा अभ्यास करीत आले आहेत. तेथील नवजात बाळे सरासरी २.७ किलोची, म्हणजे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा सुमारे ८०० ग्रॅमने हलकी होती. स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. ती खेडी आदिवासी नव्हती, पण अशक्त आई आणि कमी वजनाचे बाळ आमच्या पाड्यांवरही आहेच. अशा बाळाला पुढे बैठे आयुष्य आणि तेलकट-गोड खाणे मिळाले, की हातपाय काटकुळेच राहतात आणि चरबी पोटावर साठते. पुढे मधुमेहाचा धोका वाढतो. (जंतांमुळेही पोट मोठे दिसते, म्हणून डॉक्टरांना दाखवावेच.)

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील पाच वर्षांखालील जादा वजनाची मुले २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होती. २०१९-२१ मध्ये ती ३.४ टक्के झाली. वाढ खुंटलेली मुले तेव्हाही ३५.५ टक्के होतीच.

आमचे वसतिगृह पाडा आणि खोली यांच्या मधले. शाळा, अभ्यासिका, प्रार्थना, जेवण, सगळे बसूनच. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी म्हणते. गेल्या नाताळात एका मंडळीने मोठा टीव्ही देऊ केला. आम्ही विचारले, त्याऐवजी मागचे खडकाळ अंगण सपाट करून द्याल का? त्यांनी आनंदाने दिले. आता तेथे साडेपाच ते सात कबड्डी आणि खो-खो चालतो. मुलींचा आवाज जास्त असतो. जुना टीव्ही शनिवारी लागतो, जेवताना कधीच नाही. पडद्याकडे पाहत जेवणाऱ्या मुलाचे पोट कधी भरले, ते त्यालाच कळत नाही.

येत्या नाताळची भेट पाठवणार असाल, तर बिस्किटांच्या खोक्यांऐवजी अंडी, शेंगदाणे आणि गुळासाठी रक्कम पाठवावी. चार फुटबॉलही हवे आहेत. हवा भरायचा पंप आमच्याकडे आहे.