आखणीचा हात गेला की

लेखमाला : बाजार आणि माणूस

पनवेल–रोहा रेल्वेमार्गावर निडी हे लहानसं स्थानक आहे. एका बाजूला नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प, पूर्वी आयपीसीएलचा, आता रिलायन्सचा. दुसऱ्या बाजूला रोह्याजवळची धाटाव एमआयडीसी, तिथे रसायनांचे कारखाने. उत्तरेला गणपतींचं पेण. कामाला निघालेल्या माणसापुढे इथे तीन वाटा आहेत, म्हणून माणूस काम सोडून गेल्यावर मालकाची पत बाजारात कशी घसरते ते या पट्ट्यात नीट कळतं.

पेणच्या कारखान्यात काम वाटलेलं असतं. साच्यातून मूर्ती काढणं नवखा माणूस लवकर शिकतो. डोळ्यांच्या आखणीला मात्र वर्षं लागतात. मूर्ती निवडताना मुंबई-पुण्याचा व्यापारी आधी डोळे पाहतो. आखणी करणारा ऐन आषाढात निघून गेला, तरी माल तयार होतोच, पण चेहऱ्यातलं तेज उणावतं. व्यापारी त्या वर्षी माल उचलतो आणि पुढच्या वर्षी बुकिंगला शेजारच्या कारखान्यात जातो. मालकाच्या वहीत हा तोटा वर्षभर उशिरा उमटतो. तोवर त्याचं मूळ कारण कुणाच्या लक्षातही राहत नाही.

जाणारा माणूस कुठे गेला, हेही पाहायला हवं. पेणच्या कारखान्यांत हात बसलेल्या कितीतरी जणांनी हमरापूर, जोहे या गावांत स्वतःचे कारखाने काढले. त्यांना अडवण्याची सोय मालकाकडे नव्हती. भारतीय करार कायदा, १८७२, याच्या कलम २७ नुसार धंदा करण्यापासून रोखणारा करार सहसा रद्दबातल ठरतो. मालकाला स्पर्धक मिळाला, पण पेणचं नाव वाढलं. एकाच भागात इतके कारखाने, म्हणून व्यापारी इथेच येतो. ॲनाली सॅक्सेनियन यांनी १९९४ च्या पुस्तकात कॅलिफोर्नियाच्या सिलिकॉन व्हॅलीबद्दल हेच दाखवलं: माणसं कंपन्या बदलत राहिली आणि त्यांच्याबरोबर ज्ञान सगळ्या खोऱ्यात पसरलं.

कारागीर धाटावच्या कंपनीत लागला, तर गोष्ट वेगळी. त्याचं कसब धंद्यातूनच उठतं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. गणपतीचा पैसा हंगामावर, कंपनीत दरमहा पगार आणि प्रॉव्हिडंट फंड. घर चालवणारा माणूस दुसरं काय निवडणार?

हे कसब किती मोलाचं, ते २०२० नंतर अधिकच जाणवलं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या त्या वर्षीच्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी प्लास्टरच्या मूर्तींना विरोध केला आणि शाडूकडे पुन्हा लक्ष गेलं. प्लास्टर झटपट घट्ट होतं. शाडू जड, सावकाश वाळणारा, आणि घाई केली की तडकणारा. ज्याच्याकडे शाडूचे जुने हात टिकले, तो ही मागणी पुरी करू शकतो. बाकीच्यांना शिकवण्यापासून सुरुवात करावी लागते.

अमेरिकेत हेन्री फोर्डने हा हिशेब लवकर मांडला. १९१३ मध्ये सुमारे १४ हजार कामगार टिकवायला त्याला ५२ हजारांवर माणसं भरावी लागली. जानेवारी १९१४ मध्ये त्याने दिवसाची मजुरी जवळपास दुप्पट, पाच डॉलर केली आणि गळती झपाट्याने घटली. पेणच्या मालकाला दुप्पट मजुरी परवडणार नाही, हे मान्य. पण माझ्या मते निदान आखणीच्या दोन-तीन कारागिरांना तरी बारमाही पगारावर ठेवावं, आणि त्यांच्या हाताखाली दरवर्षी एक नवा मुलगा बसवावा. हंगामाआधी दिलेली उचल माणसाला गणपतीपर्यंतच बांधते.

पुढच्या आठवड्यात धाटावचे ठेकेदारी कामगार.