मदतनीसाचं मत

आमच्या अंगणवाडी संघटनेच्या तालुका शाखेत ठरलेल्या मुदतीनं निवडणूक असते, पण मतदानाची वेळ सहसा येत नाही. जिल्ह्याचे पदाधिकारी येतात, जुनी यादी वाचली जाते, निवृत्त झालेल्या एखाद्या ताईंचं नाव गळतं, त्या जागी दुसरं येतं, टाळ्या होतात आणि सगळ्याजणी एसटी गाठायला निघतात. एका पदासाठी दोन नावं आली, की फूट पडली म्हणून कुजबुज सुरू होते. संपाच्या काळात ही भीती खरीही असते. 4 डिसेंबर 2023 ला राज्यभर सुरू झालेला बेमुदत संप जानेवारी संपत येईपर्यंत चालला. तेव्हा एकी नसती तर आठवडाही निभला नसता. पण संप नसताना नेतृत्वाला चार प्रश्न विचारायचे, तर निवडणुकीइतकी चांगली वेळ दुसरी नाही. म्हणून पालघर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्यात मी अध्यक्षपदाला उभी राहिले.

कागदोपत्री काम थोडं. चालू वर्षाच्या वर्गणीची पावती, साध्या कागदावर अर्ज, एक सूचक, एक अनुमोदक. अनुमोदक मात्र दुसऱ्या बीटमधली, म्हणजे दुसऱ्या मुख्य सेविकेच्या हाताखालच्या अंगणवाड्यांमधली लागते. डोंगराकडच्या बीटमध्ये मला ओळखणारं कोणी नव्हतं, म्हणून त्यांच्या मासिक बैठकीचा दिवस धरला. त्या दिवशी मुख्य सेविका सगळ्यांना बोलावतात. वीस-पंचवीस जणी रजिस्टरं, वजन-उंचीच्या नोंदी, आहाराची बिलं पिशवीत घालून येतात. बैठक सरकारी, तिथे संघटनेचा विषय काढायचा नाही, हे आम्ही सगळ्याजणी पाळतो. ती सुटली की बाहेर झाडाखाली डबे उघडतात. आमची खरी सभा तीच.

मी ग्रॅच्युइटीवर बोलायचं ठरवून गेले होते. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सेविका आणि मदतनीस दोघींनाही ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो असा निकाल दिला, तो सगळ्यांना नीट समजावून सांगायला हवा असं मला वाटत होतं. मार्च 2018 मध्ये आमच्यावर मेस्मा, म्हणजे संपबंदीचा कायदा, लावला गेला आणि विधिमंडळातल्या गदारोळानंतर त्याला स्थगिती मिळाली, तेही बोलले. बायकांनी ऐकून घेतलं. मग एक ताई म्हणाली, “ते सगळं बरोबर आहे ताई, पण चेहऱ्याचं काय करणार ते सांगा.”

चेहऱ्याचं म्हणजे पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाइल अ‍ॅपवरचं. गरोदर बाईला किंवा लहान बाळाच्या आईला घरी न्यायचा आहार, म्हणजे टीएचआर, द्यायचा तर आधी मोबाइलवर तिचा चेहरा आधारशी जुळवावा लागतो. सुरुवातीच्या नोंदणीला ओटीपी लागतो, तो आधारला जोडलेल्या नंबरवर जातो. आमच्याकडची माणसं दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. घरात मोबाइल एकच, तो नवऱ्याबरोबर भट्टीवर. बायको दिवस भरत आले म्हणून पाड्यावर राहिलेली. सेविका भट्टीवर फोन लावते, तो उचलत नाही. उचलला तर त्याला आकडे वाचता येत नाहीत, तो शेजाऱ्याला हाक मारतो, तोवर ओटीपीची मुदत संपते. पाड्यात रेंज नसते. मग टेकाडावर चढायचं, फोन हातात उंच धरायचा, आणि मागून ती अवघडलेली बाई हळूहळू चढत येणार, कारण चेहरा तिचाच हवा. डोंगराकडच्या त्या ताईनं हे सगळं उभं राहून, हात वर करून दाखवलं. कोणी हसलं नाही.

मी तिला विचारलं, “तेवढ्या वेळात पोरं कुठं असतात?”

“मावशीकडे.”

मावशी म्हणजे मदतनीस. या एका उत्तरानं माझा सगळा प्रचार बदलला. त्यानंतर जिथे गेले तिथे प्रत्येक तक्रारीला मी हाच प्रश्न जोडत गेले. अमृत आहार योजनेतल्या अंड्यांचे पैसे वेळेवर आले नाहीत, म्हणून सेविका उधारीसाठी दुकानात जाऊन बसते, पोरं कुणाकडे? मावशीकडे. निवडणुकीच्या, सर्वेक्षणाच्या ड्यूट्या लागतात, पोरं मावशीकडे. ‘आकार’ अभ्यासक्रमातली गाणी, मण्यांचे खेळ, मातीकाम, गोष्टीनंतरच्या गप्पा सेविकेनं घ्यायच्या, आणि प्रशिक्षणही तिचंच होतं. प्रत्यक्षात सकाळी घरोघर फिरून मुलांना हाताला धरून आणणारी, त्यांचं नाक पुसणारी आणि अर्धा वेळ त्यांच्यापाशी बसणारी बाई दुसरीच असते. 2018 मध्ये केंद्रानं ठरवलेलं मानधन सेविकेला 4,500 रुपये आणि मदतनीसाला 2,250, बरोबर अर्धं. संघटनेत मात्र दोघींचं मत एकच आणि सारखंच. असं असून मला आठवतं तेव्हापासून आमच्या तालुक्यात एकही मदतनीस पदावर बसलेली नव्हती.

मुलांपाशी बसण्याचं हे काम आमच्या भागाला परकं नाही, म्हणून थोडं मागचं सांगते. ताराबाई मोडक 1926 मध्ये गिजुभाई बधेकांबरोबर नूतन बालशिक्षण संघाच्या उभारणीत होत्या. बालशिक्षणासाठी संघ बांधायची आपल्याकडची परंपरा एवढी जुनी आहे. पुढे 1945 मध्ये त्या आमच्याच जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर राबल्या, आणि काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, हे त्यांनी इथे करून दाखवलं. सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली, ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी. कोसबाडचं नाव घेऊन काहीजण आम्हाला ऐकवतात, की त्या बाया मुलांचा विचार करायच्या आणि तुमची संघटना फक्त पैशाचा करते. मला हे मान्य नाही. मानधन उशिरा येणं, भाडं थकलेली खोली, रेंजसाठी चढलेली टेकडी, यातली प्रत्येक गोष्ट मुलांच्या सकाळच्या वेळातून कापून घेतलेली असते. हा वेळ परत मिळवणं हेच संघटनेचं काम आहे, आणि मी मतं त्यासाठीच मागितली.

प्रचार दुपारनंतरच होई. अंगणवाडी सुटायची, गृहभेटी उरकायच्या, मग वडापमधून पुढच्या बीटला. मदतनीसांना भेटायला त्यांच्या घरीच जावं लागलं, कारण मासिक बैठकीला त्यांना सहसा कुणी बोलावत नाही. कुणी भात झोडत होती, कुणी लाकडाची मोळी उतरवत होती. मत मागायला घरी कुणी आलंय, हे त्यांना खरंच वाटेना. एकीनं विचारलं, “ताई, तुम्ही निवडून आलात तर आम्हाला त्या बैठकीत बसायला मिळेल का?” मी हो म्हणाले. एवढं एकच वचन मी दिलं.

अधिवेशनात नावं मागे घ्यायला अर्धा तास होता. बिनविरोध करा, असा आग्रह दोन्ही बाजूंना झाला. समोरच्या ताई अनुभवी, माझ्याहून जास्त मोर्चे पाहिलेल्या. त्यांनीही नाव मागे घेतलं नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. हात वर करून मत नको, चिठ्ठ्या करा, ही मागणी मागच्या रांगेतून मदतनीसांनी केली. आपापल्या सेविकेच्या डोळ्यांसमोर हात वर करणं त्यांना जड जातं, हे पुढे बसलेल्या आम्हाला कधी जाणवलंच नव्हतं. वहीची पानं फाडून चिठ्ठ्या झाल्या, पत्र्याच्या डब्यात पडल्या, टेबलावर सगळ्यांसमोर मोजल्या गेल्या. मी थोडक्या फरकानं निवडून आले. उपाध्यक्षपदी पहिल्यांदाच एक मदतनीस आली.

पुढचं अधिवेशन तुमच्याही तालुक्यात होईल. तेव्हा आपल्या बीटमधल्या एका मदतनीसाला उभी करा, तिच्या अर्जावर सूचक म्हणून स्वतः सही करा, आणि मतदान चिठ्ठीनंच घ्या.